सोळा लायसन्स कशाची? डेटाबेसच्या कोटेशनविषयी एका डाळ मिलचा प्रश्न

पत्र : जळगाव एमआयडीसीतील आमच्या डाळ मिलचे हिशेब आणि संगणक ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. धरणगावला आमचे जिनिंग-प्रेसिंग आहे आणि अमळनेरला गोदाम आहे. मागच्या हंगामात आमच्या मोफत डेटाबेसची, म्हणजे साऱ्या नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरची, साठवण-मर्यादा भरली आणि ऐन आवकीच्या दिवसांत बिले निघणे थांबले. दुर्लक्ष आमचेच होते. आता नवे ईआरपी, म्हणजे खरेदी-विक्री, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, घ्यायचे आहे. कर्मचारी ६२ आहेत, त्यांपैकी सहा जण तीन वजनकाट्यांच्या संगणकांवर पाळीपाळीने बसतात. शिवाय ३८० डीलर मोबाइलवरून स्वतः मागणी नोंदवतील. दोन प्रोसेसरचा, प्रत्येकी १६ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-भाग) सर्व्हर निवडला आहे आणि त्याची ऑर्डर पुढच्या आठवड्यात जाणार आहे. डेटाबेससाठी तीन कोटेशने आली आहेत. पहिल्यात ओरॅकल एंटरप्राइझ एडिशनची १६ लायसन्स भरघोस सवलतीत आहेत आणि खाली बारीक अक्षरांत 'ॲप्लिकेशन स्पेसिफिक फुल यूज' असे लिहिले आहे. दुसऱ्यात मायक्रोसॉफ्टचे एसक्यूएल सर्व्हर २०२२ स्टँडर्ड आणि पाच कॅल (जोडणीचे हक्क) आहेत. तिसऱ्यात पोस्टग्रेएसक्यूएल असून त्यापुढे 'निःशुल्क' एवढेच लिहिले आहे. शेठजी विचारतात, सर्व्हर एक, मिल एक, मग लायसन्स सोळा कसली? तीनपैकी कोणते कोटेशन घ्यावे? आणि अमळनेरला दुसरे यंत्र तयार ठेवायचे तर त्याचेही लायसन्स लागेल का? (नाव प्रसिद्ध करू नये. जळगाव)

उत्तर :

ताई, सर्वांत आधी सर्व्हरची ऑर्डर थांबवा. आपल्या पत्रात घाईचे काम एवढेच आहे. बाकी सारे पंधरा दिवसांनी ठरवले तरी चालेल.

शेठजींचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर त्यांना माझ्यापेक्षा लवकर पटेल, कारण त्यांचा सारा जन्म काट्यापाशी गेला आहे. तूर विकत घेताना सौदा उक्ता ठरतो किंवा काट्यावर ठरतो, आणि काट्यावर ठरला की पोती किती यापेक्षा वजन किती हे महत्त्वाचे होते. मोठ्या डेटाबेसचे लायसन्स बहुतेक वेळा काट्यावरच विकले जाते. आपण सॉफ्टवेअर विकत घेत नाही, ते वापरण्याचा हक्क घेतो, आणि तो हक्क किती हे करारात लिहिलेल्या मापाने ठरते. कोठे प्रोसेसरच्या आतील कोअर मोजतात, कोठे वापरणारी माणसे मोजतात, कोठे यंत्रे मोजतात. माप विक्रेत्याचे असते, पण मापात काय घालायचे हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात असते.

आता सोळाचा हिशेब पाहा. ओरॅकलच्या एंटरप्राइझ एडिशनमध्ये 'प्रोसेसर' या शब्दाचा अर्थ बाजारातून आणलेली चिप असा नसून, एकूण कोअरला एका ठरावीक गुणकाने गुणून येणारी संख्या असा आहे, आणि इंटेल किंवा एएमडीच्या नेहमीच्या चिपांसाठी हा गुणक ०.५ आहे. आपल्या सर्व्हरमध्ये दोन चिपांचे मिळून ३२ कोअर होतात, त्यांचे निम्मे १६. कंपनीच्या जाहीर यादीत एका प्रोसेसर लायसन्सची किंमत ४७,५०० डॉलर आहे, म्हणजे सोळांचे ७,६०,००० डॉलर, शिवाय १८ टक्के जीएसटी. विक्रेत्याने त्यावर कितीही मोठी सवलत दिली, तरी ज्या आकड्यावर सवलत दिली तो आकडा आपल्या गरजेतून आलेला नाही. तो कोणीतरी सुचवलेल्या सर्व्हरमधून आला आहे. ६२ माणसांच्या मिलला ३२ कोअर कशासाठी लागतात, हे आपल्या पत्रावरून तरी मला कळले नाही.

याच कंपनीची स्टँडर्ड एडिशन २ नावाची दुसरी आवृत्ती आहे आणि तिचा उल्लेख पहिल्या कोटेशनमध्ये नाही, हे मला खटकले. तिच्यात कोअर मोजत नाहीत, चिप बसवलेले सॉकेट मोजतात, आणि एका सॉकेटची यादीतील किंमत १७,५०० डॉलर आहे. त्याच ३२ कोअरच्या सर्व्हरवर सोळाच्या जागी दोन लायसन्स, म्हणजे ३५,००० डॉलर. अर्थात मर्यादाही आहेत : ही आवृत्ती दोनपेक्षा जास्त सॉकेटची क्षमता असलेल्या सर्व्हरवर चालवता येत नाही, आणि एका वेळी १६ थ्रेडच, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे १६ धागेच, वापरते. आजच्या बहुतेक चिपांमध्ये एका कोअरचे दोन थ्रेड होतात, म्हणजे आठ कोअरची एकच चिप घेतली की ही मर्यादा पुरेपूर भरते आणि त्यापुढचे कोअर या डेटाबेसला कामाचे राहत नाहीत. माणसांवर मोजण्याचाही पर्याय आहे, माणशी ३५० डॉलर आणि सर्व्हरमागे किमान दहा. पण एका सॉकेटच्या बाबतीत पन्नास माणसांपाशी दोन्ही हिशेब सारखे होतात, आणि आपली माणसे त्याहून अधिक आहेत.

सर्व्हरची ऑर्डर थांबवा असे मी एवढ्या ठामपणे का म्हणतो, त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याने असाच दोन चिपांचा सर्व्हर आधी घेतला आणि लायसन्सचे कोटेशन नंतर मागवले. शेवटी नव्या सर्व्हरमधील एक चिप काढून कपाटात ठेवावी लागली. ती आजही तेथेच आहे आणि दर दसऱ्याला तिलाही कुंकू लागते.

आपला ईआरपी विक्रेता कदाचित म्हणेल की, सर्व्हर मोठा असला तरी काय झाले, आम्ही व्हीएमवेअरमध्ये (एका सर्व्हरचे अनेक आभासी संगणक करणारे सॉफ्टवेअर) आठ कोअरचे आभासी यंत्र करून त्यात डेटाबेस बसवू आणि आठांचेच लायसन्स घेऊ. हे म्हणणे एका कंपनीला चालते आणि दुसरीला चालत नाही. ओरॅकलच्या धोरणानुसार व्हीएमवेअरसारख्या सॉफ्टवेअरने पाडलेले कप्पे लायसन्स कमी करण्यासाठी ग्राह्य धरले जात नाहीत, म्हणून यंत्र आठ कोअरचे केले तरी कंपनी खालचे सारे कोअर मोजते. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ आवृत्तीत आभासी यंत्रापुरते लायसन्स घेता येते, मात्र किमान चार कोअरचे घ्यावे लागते आणि त्यासोबत सॉफ्टवेअर ॲश्युरन्स (पुढची आवृत्ती आणि काही जादा हक्क देणारा मायक्रोसॉफ्टचा करार) किंवा वर्गणीचे लायसन्स असावे लागते. एकाच वाक्याचे असे दोन अर्थ होत असल्याने विक्रेत्याचा तोंडी शब्द येथे उपयोगाचा नाही.

पहिल्या कोटेशनमधील सवलतीचे खरे कारण त्या बारीक अक्षरांत आहे. 'ॲप्लिकेशन स्पेसिफिक फुल यूज' हे लायसन्स ईआरपी बनवणारा आपल्या सॉफ्टवेअरबरोबर विकतो आणि ते पुष्कळ स्वस्त पडते, कारण ते त्या एका ॲप्लिकेशनपुरतेच असते. उद्या धरणगावच्या जिनिंगमधील गठाणींच्या नोंदीचा वेगळा प्रोग्राम आपण त्याच डेटाबेसला जोडला, किंवा आपल्याच संगणक विभागातील मुलाने अहवालासाठी चार नवी कोष्टके तयार केली, तर तो वापर कराराबाहेरचा ठरू शकतो. पुढे ईआरपी बदलावेसे वाटले तर हे लायसन्स नव्या सॉफ्टवेअरला लावता येत नाही. हा प्रकार वाईट आहे असे मी म्हणत नाही. ज्याला एकच ॲप्लिकेशन दहा वर्षे चालवायचे आहे त्याला तो परवडतो. पण मिल, जिनिंग आणि गोदाम असा तिपेडी व्यवहार असणाऱ्याने तो विचारपूर्वकच घ्यावा.

एंटरप्राइझ एडिशनविषयी आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. तिच्यात डायग्नोस्टिक्स पॅक, ट्यूनिंग पॅक (दोन्ही कामगिरी तपासून सुधारण्यासाठी), पार्टिशनिंग (मोठी कोष्टके तुकड्यांत ठेवणे) अशा सोयी असतात, ज्यांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, पण यांतील पॅकचा वापर बसवतानाच खुला असतो. कोणी उत्साहाने कामगिरीचा अहवाल काढला की वापराची नोंद डेटाबेस स्वतःच करून ठेवतो, आणि तपासणीच्या वेळी ती नोंदच पुढे येते. तपासणीचा हक्क करारात लिहिलेला असतो. ओरॅकलच्या करारात ४५ दिवसांच्या लेखी सूचनेची अट असते.

दुसरे कोटेशन मला अधिक काळजीचे वाटते, कारण ते स्वस्त दिसते. एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड दोन प्रकारे घेता येते. एका प्रकारात सर्व्हरचे एक लायसन्स, यादीनुसार ९८९ डॉलर, आणि वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा यंत्रामागे एक कॅल, म्हणजे जोडणीचा हक्क, २३० डॉलरला. दुसऱ्या प्रकारात कोअर मोजतात. दोन कोअरची जोडी ३,९४५ डॉलरला पडते आणि मग माणसे मोजावी लागत नाहीत. आपल्याला पहिला प्रकार दिला आहे आणि कॅल पाचच आहेत. ईआरपी डेटाबेसला एकाच लॉगिनने जोडते, त्यामुळे पाच पुरेत, असे कारण विक्रेत्याने दिले असेल, तर ते चुकीचे आहे. मधे एखादे सॉफ्टवेअर ठेवून जोडण्यांची संख्या कमी दिसली, तरी कॅल त्या सॉफ्टवेअरच्या अलीकडे बसलेल्या खऱ्या माणसांचीच लागतात. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात, आणि ओरॅकलच्या माणसांवरील मोजणीतही नियम हाच आहे. तेथे तर माणसाशिवाय आपोआप वजन पाठवणारा काटासुद्धा एक वापरकर्ता म्हणून धरतात.

मग आपली माणसे मोजू. काट्यांवर सहा जण तीन संगणकांवर पाळीपाळीने बसतात, त्यांच्यासाठी माणशी कॅल घेण्यापेक्षा यंत्रामागे तीन कॅल घ्याव्यात. उरलेल्या ५६ जणांच्या ५६. एकूण ५९ कॅलचे १३,५७० डॉलर आणि सर्व्हरचे ९८९, मिळून १४,५५९ डॉलर. येथपर्यंत ठीक आहे. पण डीलर मोबाइलवरून मागणी नोंदवणार, म्हणजे तेही आपला डेटाबेस वापरणार, आणि ३८० डीलरांच्या कॅलचेच ८७,४०० डॉलर होतात. आपल्या सगळ्या पत्रात निर्णय फिरवणारे वाक्य कोणते असेल, तर ते डीलरांचे. डीलर आत आले की माणसे मोजण्याचा प्रकार आपल्यासाठी बाद होतो आणि कोअरच मोजावे लागतात.

कोअर मोजायचे, तर पुन्हा सर्व्हरवर यावे लागते. निवडलेल्या ३२ कोअरच्या सर्व्हरवर डेटाबेस थेट बसवला, तर सर्व ३२ कोअरचे लायसन्स घ्यावे लागेल, म्हणजे १६ जोड्यांचे ६३,१२० डॉलर. आणि गंमत अशी की २०२२ची स्टँडर्ड आवृत्ती २४ कोअरपेक्षा जास्त वापरतच नाही, म्हणजे आठ कोअरचे पैसे देऊन ते पाहत बसायचे. तोच सर्व्हर आठ कोअरच्या एका वेगवान चिपेचा घेतला, तर चार जोड्यांचे १५,७८० डॉलर होतात, आणि त्यात मिल, जिनिंग आणि सर्व डीलर येतात. आपल्या आकाराच्या ईआरपीला आठ चांगले कोअर, भरपूर मेमरी आणि जलद एसएसडी डिस्क पुरतात असा माझा अनुभव आहे. तरीही ईआरपी विक्रेत्याकडून कोअरची किमान संख्या लेखी घ्या आणि त्याने आठापेक्षा मोठा आकडा लिहिला तर कारण विचारा.

तिसऱ्या कोटेशनमध्ये 'निःशुल्क' हा एकच शब्द आहे, आणि तो खरा आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील १९८६मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून आला. त्याच्या परवान्यात कोअर, माणसे, डीलर, आभासी यंत्रे यांपैकी काहीही मोजत नाहीत. धंद्यात वापरा, बदल करा, दुसऱ्याला द्या, कोणी हरकत घेणार नाही. साठवणीवर लायसन्सची मर्यादा नाही, त्यामुळे मागच्या हंगामातील प्रसंग निदान त्या कारणाने पुन्हा येणार नाही. मायएसक्यूएलचेही नाव आपण ऐकले असेल. त्याची एक आवृत्ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत आहे आणि दुसरी ओरॅकल कंपनी पैसे घेऊन विकते, पण आपल्या ईआरपी विक्रेत्याने तो पर्याय दिलेला नसल्याने त्याच्या खोलात जात नाही.

निःशुल्क याचा अर्थ बिनखर्ची असा मात्र नाही. रोजचा बॅकअप नीट होतो का, व्हॅक्यूम नावाची साफसफाई वेळेवर होते का, डिस्क भरत आली का, हे पाहणारा माणूस लागतो. आपल्या विद्यापीठातून आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतून हे शिकलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि बहुतेक जण पुण्याची गाडी धरतात, त्यामुळे असा माणूस जळगावात टिकवणे सोपे नाही. म्हणून वार्षिक देखभालीचा करार करावा लागेल आणि त्याची रक्कम या कोटेशनमध्ये दिसली पाहिजे. प्रत्येक मुख्य आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, म्हणजे पाच वर्षांच्या आत पुढच्या आवृत्तीवर जाण्याचे कामही त्याच करारात यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपले ईआरपी पोस्टग्रेएसक्यूएलवर पूर्णपणे चालते आणि काही अडले तर आम्ही ते सोडवू, असे विक्रेत्याने आपल्या लेटरहेडवर लिहून द्यावे. शक्य झाले तर त्याच जोडीवर चालणारी एखादी मिल किंवा कारखाना स्वतः जाऊन पाहा.

किमतींची तुलना करताना पहिल्या वर्षाचा आकडा पाहू नका, पाच वर्षांचा काढा. ओरॅकलचा वार्षिक सपोर्ट लायसन्सच्या निव्वळ किमतीच्या २२ टक्के असतो, म्हणजे एका सॉकेटच्या स्टँडर्ड एडिशनला यादीतील किमतीने दरवर्षी ३,८५० डॉलर. पाच वर्षांत सपोर्टच मूळ किमतीच्या पुढे जातो. मधे सपोर्ट बंद करून पुन्हा सुरू करायचा तर जास्तीचे शुल्क बसते. मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर ॲश्युरन्स वर्षाला लायसन्सच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके पडते. ते न घेताही लायसन्स कायमचे राहते, पण पुढची आवृत्ती आणि काही हक्क मिळत नाहीत. भाव करण्याची वेळही असते. आपली खरेदी दिवाळीनंतर भरात येते, तसे ओरॅकलचे आर्थिक वर्ष ३१ मे रोजी आणि मायक्रोसॉफ्टचे ३० जून रोजी संपते, आणि त्या आधीच्या आठवड्यांत विक्रेत्यांचे मन मोठे होते. मात्र मोठ्या सवलतीसाठी गरजेपेक्षा जास्त लायसन्स घेऊ नका. सपोर्ट त्या जास्तीवरही दरवर्षी भरावा लागतो.

क्लाउडविषयी आपण विचारलेले नाही, तरी दोन वाक्ये लिहितो. तेथे लायसन्ससह डेटाबेस तासावर भाड्याने मिळतो आणि हंगामापुरत्या चालणाऱ्या जिनिंगसाठी तो सोयीचा आहे, कारण गठाणी संपल्या की तो बंद ठेवता येतो. मिलचे हिशेब बाराही महिने चालतात आणि काट्यावर ट्रॅक्टरांची रांग असताना इंटरनेट गेले तर आवक थांबते, म्हणून मुख्य डेटाबेससाठी मी तो आज सुचवणार नाही.

आता निर्णयाचे सांगतो. विक्रेता वर सांगितल्याप्रमाणे लेखी हमी देत असेल, तर तिसरे कोटेशन देखभालीच्या रकमेसह घ्यावे. तो टाळाटाळ करू लागला, तर एसक्यूएल सर्व्हर स्टँडर्ड, कोअरच्या हिशेबाने, आठ कोअरच्या एका चिपेच्या सर्व्हरवर घ्यावे, आणि दुसरे कोटेशन या मापाने नव्याने मागवावे. ईआरपी केवळ ओरॅकलवरच चालते असे निघाले, तर स्टँडर्ड एडिशन २ चे एका सॉकेटचे, एका ॲप्लिकेशनला न बांधलेले लायसन्स मागावे. एंटरप्राइझ एडिशनची गरज मला आपल्या पत्रात कोठेही दिसत नाही. कोणताही मार्ग घेतला, तरी कोटेशनवर आवृत्तीचे पूर्ण नाव, मोजण्याचे माप, मोजलेली संख्या आणि ती कशी काढली, हे लिहून घ्या, आणि डीलरांचा उल्लेख त्यात स्पष्ट असू द्या.

अमळनेरच्या यंत्राचे उत्तर आपण ते कसे ठेवणार यावर अवलंबून आहे. तेथे डेटाबेस बसवून मिलच्या नोंदी सतत उतरवून घ्यायच्या असतील, तर ओरॅकलला त्या यंत्राचेही पूर्ण लायसन्स लागेल. एसक्यूएल सर्व्हरला सॉफ्टवेअर ॲश्युरन्स असेल तर असे एक निष्क्रिय यंत्र वेगळ्या लायसन्सशिवाय ठेवता येते, पण त्यावरून अहवाल काढू लागलात की ते निष्क्रिय राहत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलला काहीच लागत नाही. अमळनेरला फक्त रोज रात्री बॅकअपच्या फाइली जाणार असतील आणि डेटाबेस बसवलेला नसेल, तर तिन्हींपैकी कोणालाही लायसन्स लागत नाही. जळगावचा सर्व्हर कायमचा निकामी झाला, तर एसक्यूएल सर्व्हरचे लायसन्स अमळनेरच्या यंत्रावर हलवता येते. एरवी त्याला ९० दिवसांची अट आहे. या साध्या पद्धतीत यंत्र उभे राहायला काही तास जातील आणि तेवढा वेळ काट्यावर वहीत नोंदी कराव्या लागतील. ऐन हंगामात ते चालेल का, हे शेठजींना विचारा आणि त्यांच्या उत्तरावरून अमळनेरचे यंत्र ठरवा.